ताईंच्या उंचीवरून

कोथरूडचं आमचं घर पहिले नऊ महिने मी साधारण चार फुटांवरून पाहिलं. ते शोधून देणाऱ्या ताई उंचीने जेमतेम पाच फूट, आणि व्हिडिओ काढताना फोन छातीशी धरून चालायची त्यांची सवय. त्यामुळे त्या घराचा ओटा, खिडक्यांचे गज, बेसिनखालचा पाइप, फ्लशचं बटण हे सगळं मला तोंडपाठ होतं. छत मात्र कधी नीट दिसलंच नव्हतं.

पण ही नंतरची गोष्ट. सुरुवात झाली आईच्या गुडघ्यांपासून.

आई नारायण पेठेत तिसऱ्या मजल्यावर राहायची. अठ्ठेचाळीस पायऱ्या, लिफ्ट नाही. मी म्युनिकला गेले तेव्हा ती दिवसातून चार वेळा खाली उतरायची. २०२४ च्या उन्हाळ्यात हे आठवड्यातून एकदावर आलं. भाजी ती दोरीला पिशवी बांधून वर ओढून घ्यायची आणि फोनवर मला सांगायची, "आज माठ फार कोवळा मिळाला." पिशवीचं तिने मला सांगितलंच नव्हतं. ते शेजारच्या वहिनींकडून कळलं.

मग मी रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप घेऊन पुण्यातली घरं बघायला लागले. ज्यांनी हे केलंय त्यांना हा नाद ठाऊक असेल. एकच फ्लॅट पाच एजंटांनी पाच किमतींना टाकलेला असतो. फोटोत हॉल क्रिकेट खेळता येईल एवढा दिसतो. ६५० चौरस फूट कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, असलेल्या घराला जाहिरातीत ९५० म्हणतात, कारण त्यात जिना, लिफ्टसमोरची जागा आणि भिंतींची जाडी असं सगळं धरलेलं असतं. कार्पेट म्हणजे काय याची कायदेशीर व्याख्या रेरा या घरबांधणीच्या व्यवहारांवरच्या कायद्यात २०१६ पासून आहे, पण जुन्या फ्लॅटच्या बाजारात 'सुपर बिल्टअप' अजून सुखाने नांदतंय. मावसभावाला दोन रविवार पिटाळलं. त्याने बिचाऱ्याने जाऊन फोटो पाठवले. अर्ध्या फोटोंत त्याचंच बोट. एका एजंटाने तर पहिल्याच फोनवर, "मॅडम, टोकन टाकून ठेवा, आणखी दोन पार्ट्या तयार आहेत," म्हणून घाई केली. मी खातं उघडून रक्कम भरेपर्यंत पोचलेही होते. तेवढ्यात मुलगी रडत उठली म्हणून वाचले.

ताईंचा नंबर मिळाला मंडळाच्या गणपतीची वर्गणी गोळा करणाऱ्या एका ओळखीच्या बाईंकडून. ताई बावीस वर्षं एका सहकारी बँकेच्या गृहकर्ज विभागात होत्या. फ्लॅटच्या फायली वाचणं हाच त्यांचा जन्म. स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर परदेशातल्या लोकांसाठी घरं शोधून द्यायला लागल्या. मी सवयीने त्यांना एजंट म्हटलं, तर म्हणाल्या, "एजंटकडे घरं असतात. माझ्याकडे एकही नाही."

हा फरक कळायला मला थोडा वेळ लागला. आपल्याकडे एजंट सहसा विकणाऱ्याकडूनही एखाद-दोन टक्के घेतो आणि घेणाऱ्याकडूनही. व्यवहार झाला तरच त्याचं पोट भरतं, आणि जितका महाग होईल तितकं जास्त भरतं. त्याला वाईट म्हणायचं कारण नाही, पण तो आपल्याला "हे घेऊ नका" कधीच म्हणणार नाही. फ्रान्समध्ये किंवा ऑस्ट्रेलियात फक्त घेणाऱ्याच्या वतीने घर शोधणारी माणसं हा रीतसर धंदा आहे. जर्मनीत मी राहते तिथेही एजंट दोन्हीकडून घेतो. २०२० च्या डिसेंबरपासून कायदा एवढाच सांगतो, की राहतं घर घेणाऱ्याच्या माथी निम्म्याहून जास्त दलाली मारायची नाही. ताईंनी किमतीशी काही संबंध नसलेली ठरीव रक्कम सांगितली. निम्मी आधी, निम्मी नोंदणीच्या दिवशी. आणि सहा महिन्यांत घर सापडलं नाही तर उरलेली निम्मी विसरून जायची.

पहिल्या फोनवर मी माझी यादी वाचून दाखवली. शांत गल्ली, दोन्हीकडून वारा, दारात झाड, कर्वे रोडपासून चालत पाच मिनिटं, संध्याकाळी शाखेतल्या मुलांचा नाही तर गाण्याच्या क्लासचा आवाज. ताईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही. यादी संपल्यावर विचारलं, "तुम्ही पुणं सोडलंत कधी?"

"दोन हजार दहा."

"आणि हे घर कधीचं?"

मी गप्प. ते माझ्या मैत्रिणीचं घर होतं. आठवीत असताना मी तिच्याकडे गणिताला जायचे.

मग त्यांनी आईबद्दल विचारायला घेतलं, आणि मला घाम फुटला. आई किती वाजता उठते? पाणी कधी भरते? रात्री उठावं लागतं का? किती वेळा? मधल्या सुट्टीत, म्हणजे दुपारी, कोण येतं-जातं? रिक्षावाल्याशी स्वतः बोलते का? कोणाशी पटत नाही? यातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं मला येत नव्हती. रोज फोन करणाऱ्या मुलीला आई रात्री किती वेळा उठते हे माहीत नव्हतं. शेवटी ताई स्वतःच नारायण पेठेत अठ्ठेचाळीस पायऱ्या चढून गेल्या, चहा प्यायल्या आणि दीड तासाने मला मेसेज केला: "आईंची एकच अट आहे. खालून भाजीवाल्याची हाक ऐकू आली पाहिजे. म्हणजे दुसऱ्या मजल्याच्या वर काही बघायचं नाही."

माझ्या यादीतल्या पाच कलमांतलं एकही त्यात नव्हतं.

पुढचे चार महिने ताईंनी मला बहुतेक 'नाही'च पाठवले. आता वाटतं, मी पैसे दिले ते या नाहींसाठी. सिंहगड रस्त्याच्या बाजूचा एक फ्लॅट मला फार आवडला होता: नदीकडे बाल्कनी, किंमत आश्चर्य वाटावं इतकी कमी. ताई वर गेल्याच नाहीत. त्यांनी पार्किंगमधल्या खांबाचा फोटो पाठवला. खांबावर माणसाच्या कमरेएवढ्या उंचीवर तपकिरी रेघ. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं तेव्हा त्या भागात घरांत पाणी शिरलं होतं. मी इथे बातम्यांत पाहिलं होतं आणि विसरलेही होते. नकाशावर निळी आणि लाल पूररेषा असते. पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर निळ्यापर्यंत आणि शंभर वर्षांतून एकदाचा लालपर्यंत पोचेल, असा हिशेब. ताई म्हणाल्या, "नकाशावरची रेघ वादाची असते. खांबावरची नसते." माझी आजी १९६१ च्या पानशेतच्या पुरात नेसत्या लुगड्यानिशी घराबाहेर पडलेली बाई. तिच्या नातीने नदीकाठची बाल्कनी पसंत केली होती.

बाणेरकडच्या एका नव्या टॉवरसमोर त्या सकाळी साडेसहा ते साडेआठ नुसत्या उभ्या राहिल्या आणि आत गेलेले पाण्याचे टँकर मोजून आल्या. अकरा. पोहण्याच्या तलावाचा फोटो मात्र जाहिरातीत होता.

आणि मग ती गल्ली. कर्वे रोडच्या मागची, मैत्रिणीच्या घराच्या दोन इमारती अलीकडची. हे घर मीच शोधून ताईंकडे पाठवलं होतं, आणि बघायच्या आधीच माझं ठरलं होतं. ताईंनी व्हिडिओ पाठवला. गल्लीच्या तोंडाशी, जिथे आम्ही सायकली लावायचो, तिथून वर मेट्रोचा पूल दिसत होता. वनाज ते गरवारे कॉलेज ही मेट्रो मार्च २०२२ मध्ये सुरू झाली. मी सुट्टीत येऊन त्यात बसलेही होते, पण गल्लीच्या आतून वर बघितलं नव्हतं. झाड होतं, त्याला सिमेंटचा गळपट्टा. मैत्रिणीच्या घराच्या जागी हिरवं कापड लावलेला सांगाडा. ताईंचा आवाज आला, "या सोसायटीतही रिडेव्हलपमेंटची बोलणी चाललीयेत. दोन बिल्डर येऊन गेले, सभासदांत दोन तट आहेत. आई आत्ता इथे आल्या, तर दोन वर्षांत त्यांना भाड्याच्या घरात जावं लागेल आणि मग परत यावं लागेल. शहात्तराव्या वर्षी दोन वेळा बिऱ्हाड हलवायचं. तुमचं तुम्ही बघा."

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. राग कशाचा होता हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं. तिसऱ्या दिवशी त्यांनीच फोन केला आणि त्या विषयाचं नावही न काढता दुसऱ्या एका सोसायटीच्या नोटीस बोर्डाचा फोटो पाठवला.

नोटीस बोर्ड हा ताईंचा आवडता कागद. बाकीची मंडळी आधी फ्लॅट बघतात. त्या आधी बोर्ड वाचतात. मेन्टेनन्स थकवणाऱ्यांची नावं लावलीयेत का, आणि लावली असतील तर तीच नावं किती महिने लटकतायत. लिफ्टच्या देखभालीची तारीख. टाकी धुतल्याची नोटीस. वार्षिक सभेची नोटीस कोणी भांडखोर भाषेत लिहिलीय का. त्यानंतर इस्त्रीवाला. "इस्त्रीवाल्याला सगळं ठाऊक असतं. कोण भाडेकरू, कोण मालक, कोणाचं घर विकायला निघालंय, कोणत्या घरात भांडणं." या बोर्डावर थकबाकीदारांची यादीच नव्हती, आणि इस्त्रीवाला म्हणाला होता, "इथं लोक वेळेत पैसे देतात, पण वळ पडला तर परत पाठवतात."

कोथरूडमधली ही इमारत २००३ सालची. बाहेरून कोणालाही आवडणार नाही अशी, पिवळट, पाऊस झेलून काळे ओघळ आलेली. पश्चिमेचं ऊन. दुसरा मजला, लिफ्ट, खाली भाजीची गाडी थांबते असा रस्ता. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला, होतं. कन्व्हेयन्सही झालेलं, म्हणजे इमारतीखालची जमीन बिल्डरच्या नावावर लोंबकळत राहिलेली नव्हती, सोसायटीच्या नावावर आली होती. ताई हे सांगताना एखाद्या मुलाचं पगारपत्रक वाचावं तशा खूश होत्या. घर मला ओळखीचं वाटलं नाही. कशासारखंच वाटलं नाही.

"बाथरूममध्ये पकडायला दांडे आहेत," व्हिडिओत ताई म्हणाल्या. "दोन. स्टीलचे. कमोडशेजारी आणि नळाखाली. चांगले घट्ट बसवलेत." कॅमेरा त्या दांड्यावर थांबला आणि ताईंचा हात आला, त्यांनी सगळं वजन टाकून तो ओढून दाखवला.

हे दांडे कोणी लावले, हे इंडेक्स टूच्या, म्हणजे नोंदणी कार्यालयातल्या खरेदीच्या नोंदीच्या, उताऱ्यावरून कळलं. मालक एकच, आणि तो न्यू जर्सीत. त्याने २००३ साली हे घर आईवडिलांसाठी घेतलं होतं. आधी वडील गेले, नंतर आई. घर दीड वर्ष बंद होतं. म्हणजे विकणाराही बाहेर, घेणारीही बाहेर, आणि मध्ये बंद खिडक्यांचा दोन बीएचके. हे ऐकून मी म्युनिकच्या भुयारी रेल्वेत दोन स्टेशनं पुढे गेले.

ताईंना या योगायोगात काडीचा रस नव्हता. त्यांना दिसत होता तो टीडीएस, म्हणजे किमतीतून आधीच कापून सरकारात भरायचा कर. विकणारा भारतात राहणारा असता, तर पन्नास लाख किंवा त्यावरच्या घराच्या किमतीतून घेणाऱ्याने एक टक्का कापून सरकारात भरला की सुटला. विकणारा अनिवासी असला की कलम वेगळं. आमच्या वेळच्या नियमाने साडेबारा टक्के, वर अधिभार आणि उपकर, आणि तोही नफ्यावर नव्हे तर सगळ्या किमतीवर, जोपर्यंत विकणारा आयकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला आणत नाही तोपर्यंत. त्यासाठी घेणारीला टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा नंबर, काढावा लागला. कापला नाही तर नंतर नोटीस येते ती घेणारीला. एका एजंटाने "एक टक्क्यात करून टाकू, कोण बघतंय" असं सुचवून पाहिलं. ताईंनी त्याला माझ्यासमोर, म्हणजे व्हिडिओ कॉलवर, कलम नंबरासह जे काही ऐकवलं, त्यानंतर तो परत आला नाही. दाखल्यासाठी सात आठवडे गेले.

मुखत्यारपत्राचा प्रश्न त्याच काळात निघाला. मला नोंदणीसाठी येणं शक्य नव्हतं. मी सहज म्हटलं, "ताई, तुमच्याच नावाने करते." त्या ताडकन म्हणाल्या, "अजिबात नाही. घरही मीच शोधायचं आणि सहीही मीच करायची? असं मागणारा कोणी भेटला तर त्याला घर शोधायलाही लावू नका." म्हणून घर आई आणि मी दोघींच्या नावावर घ्यायचं ठरलं, आणि माझ्या वतीने सही करायला मुखत्यार आईच. दोघी बायकाच असल्यामुळे मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलतही मिळाली. पुण्यात एरवी सात टक्के लागतात ते आम्हाला सहा लागले. म्युनिकच्या भारतीय वाणिज्य दूतावासात जाऊन अधिकाऱ्यासमोर सही केली, शिक्का घेतला, कुरिअरने पाठवलं. असं बाहेर झालेलं मुखत्यारपत्र महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा लागतो. हे मला कोणी सांगितलं नसतं तर तो कागद आईने देव्हाऱ्यात ठेवून हळद-कुंकू वाहिलं असतं.

जर्मनीत एका सहकाऱ्याच्या घरखरेदीला मी त्याच्याबरोबर गेले होते. तिथे नोटरी अख्खा करार मोठ्याने वाचतो. कायद्यानेच वाचावा लागतो. पान न पान, सगळे बसून ऐकतात. मला ते तेव्हा हास्यास्पद वाटलं होतं. पण आमच्या खरेदीखताचा मसुदा आला तेव्हा मी ताईंना म्हटलं, "मला वाचून दाखवाल?" एका रविवारी दुपारी त्यांनी एकतीस पानं वाचली. चतुःसीमा, पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक, सर्व हक्क, हितसंबंध आणि वहिवाटीसह. मध्ये आई चहा घेऊन आली, बसली आणि शेवटपर्यंत ऐकत राहिली. ताई म्हणाल्या, "सत्यनारायणाची पोथी वाचतेय असं वाटतंय." आई म्हणाली, "मग प्रसाद करायला हवा होता."

नोंदणी फेब्रुवारीत झाली. दुय्यम निबंधक कार्यालयात पुण्यातले सकाळचे अकरा, माझ्याकडे पहाटेचे साडेसहा, न्यू जर्सीत मध्यरात्र उलटलेली. विकणाऱ्याच्या वतीने त्याचे मामा आले होते, वय एक्याऐंशी. ताईंनी त्यांच्याकडून आधी घोषणापत्र लिहून घेतलं, की मुखत्यारपत्र लिहून देणारा हयात आहे आणि त्याने ते रद्द केलेलं नाही. "हयात आहे हो, काल रात्रीच बोललो, पुरणपोळ्या पाठव म्हणत होता," मामा म्हणाले. मामा आणि आई एका बाकावर बसले. टोकन नंबर यायला दोन तास होते. मी व्हिडिओ कॉलवर, फोन ताईंच्या हातात, छातीशी, म्हणजे मला त्या दोघांचे गुडघे आणि मांडीवरच्या पिशव्या दिसत होत्या. मामा माझ्या आईला सांगत होते, बहिणीला शेवटी शेवटी घरातून देवळाचा स्पीकर ऐकू यायचा, तेवढाच तिचा विरंगुळा होता. आईने विचारलं, "कोणत्या बाजूच्या खोलीत?"

आईचा अंगठा मशीनला लागेना. तीन वेळा झालं. भांडी घासून, भाकऱ्या थापून रेघा पुसल्या गेल्यात, असं तिथली मुलगी म्हणाली, आणि बहुतेक रोज पाच जणींना म्हणत असावी. आईने अंगठा केसांवरून फिरवला, जरा तेल लागलं, चौथ्यांदा लागला. वेबकॅमकडे बघायला सांगितल्यावर तिने पदर सारखा केला. माझ्या वतीने तोच अंगठा पुन्हा.

पाडव्याला आईने कलश ठेवला. मी दिवाळीत गेले, तेव्हा घर तिचं होऊन सहा महिने उलटून गेले होते. ताई दारापर्यंत आल्या होत्या. आत शिरले तर सगळं ओळखीचं आणि सगळं ठेंगणं. ओटा मला कमरेच्या वर वाटला होता, तो खाली होता. छताला एका कोपऱ्यात ओलीचा नकाशा होता, जो एकाही व्हिडिओत आला नव्हता. ताई मान वर करून बघतच राहिल्या. "हे माझ्याकडून सुटलं," त्या म्हणाल्या, आणि लगेच वरच्या मजल्याची बेल वाजवायला निघाल्या. आईच्या खोलीच्या खिडकीशी उभी राहिले. व्हिडिओत तिथून समोरची गच्चीच दिसायची. माझ्या उंचीवरून गच्चीच्या कठड्यापलीकडे एक मोबाइलचा मनोरा दिसत होता आणि त्याच्या बाजूने टेकडीची बोटभर हिरवी कड.

"आई, इथून टेकडी दिसते."

"असेल," आई बाथरूममधून म्हणाली. "मला नाही दिसत." दांड्याचा करकर आवाज आला, ती उठत होती. "खाली बघ, गाडी आली का. आज मेथी सांगून ठेवलीये."